विश्लेषण : सायकलवर खर्च करायचाच असेल, तर आधी कशावर?

सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी हजार रुपये किंमत असलेला भाग पूर्वी ११२० रुपयांना पडत असे, तो आता १०५० रुपयांना पडतो. साहजिकच जुनी सायकल बाहेर काढून तिला ‘अपग्रेड’ करण्याचा विचार अनेक जण करत आहेत. दुकानात गेल्यावर मात्र चर्चा सुरू होते ती जास्त गिअर, डिस्क ब्रेक, सस्पेन्शन आणि हलक्या फ्रेमवर. रोज ऑफिस, कॉलेज किंवा बाजारासाठी सायकल चालवणाऱ्याला यातले नेमके काय लागते? कोणता बदल पायांना जाणवतो आणि कोणता फक्त बिलात दिसतो? थोड्या हिशेबाने याची उत्तरे मिळू शकतात.

सायकली पडून का राहतात?

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. मोटारसायकल, स्कूटर किंवा मोपेड असलेली कुटुंबे तेव्हा २१ टक्के होती. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने ये-जा करत होते. म्हणजे सायकल घरात असणे आणि ती रोज वापरात असणे, यात अंतर आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर सायकलींना अचानक मागणी आली आणि दुकानांत प्रतीक्षा यादी लागली. त्यांपैकी कितीतरी सायकली आज सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये बसलेल्या टायरांवर, धूळ खात उभ्या दिसतात.

उत्साह संपला, हे एक कारण आहेच. पण सायकल बंद पडण्याची सुरुवात बऱ्याचदा अगदी किरकोळ बिघाडापासून होते. एक पंक्चर होते, ते ‘रविवारी काढू’ म्हणून राहते. हवा नसलेल्या टायरवर सायकल महिनोन् महिने उभी राहिली की टायरच्या बाजूंना चिरा पडतात. पावसाळ्यात चेन गंजते, ब्रेकची वायर नळीत अडकते. मग शंभर रुपयांच्या आत होणाऱ्या कामाचे रूपांतर मोठ्या बिलात होते आणि सायकल भंगारात जाते.

ज्यांच्यासाठी सायकल हा छंद नाही, त्यांना याची किंमत जास्त मोजावी लागते. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी अनुदान मिळते. गावात पंक्चर काढणारे कोणी नसेल, तर त्या मुलीला शाळेपर्यंतचे काही किलोमीटर चालावे तरी लागते किंवा त्या दिवशीची शाळा बुडते. वॉचमन, वृत्तपत्र विक्रेते, दूध टाकणारे यांचेही तसेच आहे. त्यामुळे सायकल उद्या सकाळी चालायला तयार आहे का, हा रोजच्या वापरातला पहिला निकष ठरतो.

सर्वात आधी टायर आणि हवाच का?

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची ताकद मुख्यतः दोन ठिकाणी जाते. एक, समोरच्या हवेचा विरोध आणि दोन, टायर रस्त्यावर दबून पुन्हा पूर्ववत होताना वाया जाणारी ऊर्जा. टायर जितका मऊ पडेल आणि त्याचे रबर जितके जाड व ताठर असेल, तितकी दुसऱ्या प्रकारची हानी वाढते.

एक साधा हिशेब करू. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन, वेग ताशी २० किलोमीटर. बऱ्यापैकी टायर आणि योग्य हवा असेल, तर हा घर्षणाचा गुणांक ०.००५ च्या आसपास धरता येतो आणि त्यासाठी साधारण २३ वॉट खर्च होतात. जाड गोट्यांचा, कमी हवेचा टायर असेल आणि गुणांक दुप्पट, म्हणजे ०.०१० झाला, तर ४६ वॉट लागतात. रोजची सायकल चालवणारा सर्वसाधारण माणूस फार दमछाक न होता ७५ ते १०० वॉट इतकी शक्ती देतो. त्यातले २३ वॉट नुसत्या टायरमध्ये जिरणे म्हणजे जवळपास चौथा हिस्सा वाया जाणे.

शहरात माउंटन बाइक घेणाऱ्यांची हीच अडचण होते. डोंगरातल्या मातीसाठी बनवलेले गोट्यांचे टायर डांबरी रस्त्यावर घोंघावतात आणि पाय ओढतात. अशा सायकलला त्याच मापाचे, गुळगुळीत किंवा बारीक नक्षीचे टायर बसवणे हा पैशाच्या मानाने सर्वाधिक फरक जाणवणारा बदल आहे. तो करण्याआधी फुकटात होणारी गोष्ट करून पाहावी, ती म्हणजे हवा. टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब पीएसआयमध्ये छापलेला असतो. रबरी ट्यूबमधून पंक्चर नसतानाही हवा हळूहळू झिरपत राहते. म्हणून आठवड्यातून एकदा हवा तपासावी. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यापेक्षा मीटर असलेला उभा पंप घरी ठेवणे चांगले.

अर्थात, कमाल आकड्यापर्यंत हवा भरलीच पाहिजे असे नाही. खडबडीत रस्त्यावर फार कडक टायर उसळतो, हात आणि पाठ दुखते आणि पकडही कमी होते. उलट हवा फार कमी असेल आणि चाक खड्ड्याच्या कडेवर आपटले, तर ट्यूब रिम आणि खड्ड्यामध्ये चिमटली जाते. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, तर ते पंक्चर काट्याचे नसून कमी हवेचे आहे, असे समजावे.

‘२६ इंची टायर द्या’ एवढे सांगणे पुरेसे का नाही?

सायकलच्या टायरची इंचातली मापे फसवी आहेत. माउंटन बाइकचा दशांशात लिहिलेला २६ इंची टायर, उदाहरणार्थ २६ × १.९५, हा ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो. अपूर्णांकात लिहिलेला २६ × १ ३/८ हा मात्र ५९० मिलिमीटरच्या रिमसाठी असतो. दोन्ही २६ इंची, पण एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. वडिलांच्या काळातल्या काळ्या उंच सायकलचा २८ × १ १/२ हा टायर ६३५ मिलिमीटरचा असतो. हायब्रिड आणि रोड बाइकचा ‘७०० सी’ आणि माउंटन बाइकचा ‘२९ इंची’ ही नावे वेगळी असली, तरी दोन्हींचा रिम-व्यास ६२२ मिलिमीटरच आहे.

हा घोळ टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकानुसार टायरवर ‘३७-६२२’ किंवा ‘५०-५५९’ अशी जोडी छापलेली असते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास. दुकानात जाण्याआधी या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला की चुकीचा टायर हाती पडत नाही. दुसरा आकडा अगदी तंतोतंत जुळायला हवा. पहिल्यात थोडा फरक चालतो, पण जास्त रुंद टायर घेताना तो चिमट्याला, फ्रेमला आणि मडगार्डला घासणार नाही, एवढे पाहावे.

ट्यूब घेताना व्हॉल्वही पाहावा लागतो. जुन्या सायकलींचा व्हॉल्व, मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व आणि रोड बाइकचा बारीक, लांब व्हॉल्व असे तीन प्रकार सर्रास आढळतात. पेट्रोल पंपावरची हवेची नळी थेट बसते ती फक्त जाड व्हॉल्वला. बारीक व्हॉल्वसाठी छोटे पितळी अडॅप्टर मिळते, ते कायम सोबत असावे.

ब्रेक बदलायचे की नीट करायचे?

ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. समोर रिक्षा अचानक थांबली हे लक्षात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर आधीच संपलेले असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक चांगले लागत असतील, तर आणखी सुमारे तीन मीटरवर सायकल थांबू शकते. फक्त मागचा ब्रेक वापरला, तर हे अंतर साधारण दुप्पट होते. थांबताना वजन पुढच्या चाकावर सरकते, मागचे चाक हलके होऊन घसरू लागते, हे त्यामागचे कारण. ‘पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटतो’ या भीतीने अनेक जण तो वापरतच नाहीत. एकदम आवळला तर धोका आहेच. म्हणून मोकळ्या जागेत, शरीर मागे घेऊन, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबण्याचा सराव करावा. नवीन किंवा दुसऱ्याची सायकल घेताना कोणता हात कोणत्या ब्रेकचा, हे आधी तपासावे.

डिस्क ब्रेक बसवण्याआधी सध्याचा ब्रेक पूर्ण ताकदीने लागतो का, हे पाहायला हवे. ब्रेकच्या रबरांवर खाचा असतात, त्या दिसेनाशा झाल्या की रबर बदलावे. रबर रिमवरच टेकले पाहिजे. ते वर सरकून टायरला घासले, तर टायरची बाजू कापली जाते आणि ट्यूब धावत्या सायकलवर फुटू शकते. वायर गंजली असेल तर लिव्हर जड होते आणि सोडल्यावर परत येत नाही. रबराच्या दोन जोड्या आणि दोन वायरी बदलल्या की अनेक सायकलींचे ब्रेक पुन्हा नव्यासारखे लागतात.

पावसाचा मुद्दा वेगळा. क्रोमचा मुलामा असलेली लोखंडी रिम ओली झाली की रबर तिच्यावर सरकते आणि थांबण्याचे अंतर कित्येक पट वाढते. जुन्या दांडी-ब्रेकच्या सायकली पावसात थांबत नाहीत, ते यामुळे. ॲल्युमिनियमच्या रिमवर हा त्रास बराच कमी होतो. त्यामुळे जुनी सायकल पावसाळ्यातही चालवायची असेल, तर रिम बदलणे हा खरा उपयोगाचा अपग्रेड आहे. साध्या फ्रेमवर डिस्क ब्रेक बसवायचा म्हटले, तर त्यासाठी वेगळे हब, चिमट्यावर आणि फ्रेमवर ब्रेक धरणारी जागा हे सारे लागते. ते नसेल, तर हा खर्च नव्या सायकलच्या दिशेने जातो.

डिस्क ब्रेक असलेल्यांनी एक काळजी घ्यावी. गंज सोडवणारा स्प्रे किंवा चेनचे तेल डिस्कवर उडाले, तर पॅड ते शोषून घेतात आणि ब्रेक लागेनासा होतो. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये कंपनीनुसार मिनरल ऑइल किंवा डॉट फ्लुइड असते. एकाच्या जागी दुसरे भरले, तर आतली रबरी सीले खराब होतात. हे काम माहीतगार मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

चेन झिजली हे कसे ओळखायचे?

‘चेन लांबली’ असे म्हटले जाते, पण लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचा भाग झिजतो, प्रत्येक सांध्यात किंचित ढिलेपणा येतो आणि शंभरावर सांध्यांचा हा ढिलेपणा एकत्र होऊन चेन लांब दिसू लागते. सायकलच्या चेनमध्ये दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. त्यामुळे पोलादी टेपने घरीच मोजता येते. एका पिनच्या मध्यापासून सुरुवात करून चोवीस कड्या मोजल्या, की नव्या चेनवर बरोबर १२ इंच भरतात. हे अंतर १२ इंच आणि वर एक सूत, म्हणजे १/८ इंच, झाले असेल तर चेन एक टक्का लांबली आहे आणि बहुधा मागची दातेरी चक्रेही झिजली आहेत. अर्धे सूत, म्हणजे १/१६ इंच वाढ दिसताच चेन बदलली, तर चक्रे वाचतात.

हे टाळल्यास खर्च वाढतोच, पण मोठा धोका दुसरा आहे. झिजलेली चेन जोर लावताच दातांवरून उडी मारते. सिग्नल सुटल्यावर उभे राहून पेडल मारताना असे झाले, की पाय एकदम खाली जातो आणि मागून येणाऱ्या वाहनांपुढे तोल जातो. चेन उडी मारत असेल तर ‘तेल टाकून बघू’ म्हणत दिवस काढू नयेत.

तेल टाकण्याचीही पद्धत आहे. आधी जुन्या कपड्याने चेन पुसावी, प्रत्येक कडीच्या रोलरवर एक एक थेंब सोडावा, पेडल उलटे फिरवून काही मिनिटे थांबावे आणि बाहेरचे तेल पुसून काढावे. काम आतल्या तेलाचे असते. बाहेरचे तेल धूळ धरते आणि ती धूळ पॉलिश पेपरसारखी चेन घासते. मोटारीचे जळके ऑइल चेनवर ओतण्याची सवय म्हणूनच वाईट. रॉकेलमध्ये चेन धुतली, तर ती पूर्ण वाळू द्यावी आणि लगेच नवे तेल घालावे. पावसात भिजून आल्यावर तर पाच मिनिटे काढून चेन पुसणे आणि तेल देणे हे गंजावरचे सर्वात स्वस्त औषध आहे.

जास्त गिअर म्हणजे चांगली सायकल?

‘२१ गिअर’ हा आकडा पुढची ३ आणि मागची ७ चक्रे यांच्या गुणाकारातून येतो. प्रत्यक्षात त्यातले अनेक गिअर एकमेकांसारखेच असतात. उदाहरणार्थ, पुढे ४२, ३४ आणि २४ दात आणि मागे १४ ते २८ दात असलेल्या संचात ४२ भागिले २४, ३४ भागिले २० आणि २४ भागिले १४ या तिन्हींचे उत्तर जवळपास १.७ येते. म्हणजे तीन गिअर, पण पायांना भार एकच. शिवाय पुढचे सर्वात मोठे चक्र आणि मागचेही सर्वात मोठे, अशा जोड्यांत चेन तिरकी जाते, आवाज करते आणि लवकर झिजते. त्या जोड्या वापरायच्याच नसतात.

आपल्याला चढ सहज चढता येतो का आणि सपाटीवर पाय फार भरभर फिरतात का, एवढेच दोन प्रश्न महत्त्वाचे. यासाठी कधी कधी एकच चक्र बदलणे पुरते. बिनगिअरच्या उंच सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर पेडलच्या एका फेरीत ती साधारण साडेपाच मीटर जाते. मागचे फ्रीव्हील २२ दातांचे बसवले, तर एका फेरीत साडेचार मीटर जाईल, पण चढावर पेडलवर लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी होईल. उड्डाणपुलाच्या चढाला सायकल हातात धरून चालावे लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी हा छोटा बदल मोठा ठरतो. दात वाढल्यामुळे चेनला एखादी कडी जोडावी लागू शकते.

गिअर वाढवताना मात्र एक बदल दुसऱ्याला ओढून आणतो. स्वस्त सायकलींत मागची सात चक्रे आट्यांनी हबवर फिरवून बसवलेली असतात, त्याला फ्रीव्हील म्हणतात. आठ, नऊ किंवा त्याहून अधिक चक्रांचे संच बहुधा कॅसेट प्रकारचे असतात आणि त्यांना वेगळ्या रचनेचे हब लागते. हब बदलले की चाकाच्या तारा पुन्हा बांधाव्या लागतात. हँडलवरचा शिफ्टर, मागचा डिरेलर आणि चेनही त्याच मापाची घ्यावी लागते. चार-पाच भागांची ही साखळी मोजल्याशिवाय पहिला भाग विकत घेऊ नये.

हलकी फ्रेम आणि सस्पेन्शन यांचा फायदा किती?

पुन्हा हिशेब पाहू. चार टक्क्यांच्या चढावर ताशी १० किलोमीटर वेगाने ८५ किलो वजन वर नेण्यासाठी सुमारे ९३ वॉट लागतात. हजारो रुपये खर्चून सायकल दोन किलोने हलकी केली, तर त्यात वाचतात जेमतेम २ वॉट. सपाटीवर तर तेवढेही नाहीत. शर्यतीत २ वॉटला महत्त्व असते. डबा, लॅपटॉप आणि रेनकोट घेऊन निघणाऱ्याला ते जाणवणार नाहीत.

सस्पेन्शनचेही तसेच. चांगल्या प्रतीचे सस्पेन्शन दगडधोंड्यांच्या वाटेवर चाक जमिनीला धरून ठेवते. स्वस्त सायकलींतला स्प्रिंगचा चिमटा साध्या चिमट्यापेक्षा किलोभराने जड असू शकतो, उभे राहून पेडल मारताना खाली-वर होतो आणि त्याची देखभाल सहसा कोणी करत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यासाठी थोडा रुंद टायर आणि योग्य हवा हेच स्वस्तातले सस्पेन्शन आहे. आधीच सस्पेन्शन असेल आणि त्यावर लॉकची कळ असेल, तर चांगल्या रस्त्यावर ते लॉक करून चालवावे.

गुडघे दुखतात, मग सीट बदलावी का?

आधी सीटची उंची बदलून पाहावी, कारण त्याला पैसे लागत नाहीत. सिग्नलला पाय सहज टेकावेत म्हणून बरेच जण सीट फार खाली ठेवतात. त्यामुळे गुडघा सतत जास्त वाकलेला राहतो आणि त्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. भिंतीला धरून सीटवर बसावे, टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वात खाली न्यावे. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे पुढच्या पावलाने पेडल मारताना गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायची सवय करावी लागते. सीटच्या दांड्यावर किमान किती भाग आत हवा, याची खूण असते. ती खूण बाहेर दिसेल इतकी सीट वर काढू नये, दांडा किंवा फ्रेम मोडू शकते.

उंची नीट करूनही त्रास होत असेल, तर सीटचा विचार करावा. फार मऊ, जाड गादीची सीट दुकानात छान वाटते, पण तासाभराने शरीर तिच्यात रुतते आणि नको तिथे दाब येतो. बसण्याच्या हाडांना आधार देईल इतकी रुंद आणि मध्यम कडक सीट लांब अंतराला बरी पडते. दुखणे तरीही राहिले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मोटर बसवून ई-सायकल केली तर?

चाकाच्या हबमध्येच मोटर असलेले संच बाजारात मिळतात आणि रोज लांबचे अंतर कापणाऱ्यांना ते सोयीचे वाटतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन, या मर्यादेतल्या वाहनाला मोटार वाहनाचे नियम लागू होत नाहीत. योग्य ब्रेक आणि रिफ्लेक्टर असणे हीदेखील त्यातलीच अट आहे. जास्त शक्तीचा संच बसवला, तर ही सूट मिळत नाही.

तांत्रिक बाजूने पाहिले, तर इथे ब्रेकचा क्रम मोटरच्या आधी येतो. सायकलचे वजन वाढते आणि सरासरी वेगही वाढतो. वेग दीडपट झाला, की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. मोटरचा पीळ फ्रेमच्या ज्या खाचेत चाक बसते तिथे येतो. तो धरण्यासाठी वेगळी पट्टी बसवावी लागते, अन्यथा खाच रुंदावून चाक निसटण्याचा धोका असतो. गंजलेल्या किंवा तडा गेलेल्या फ्रेमवर असा संच बसवू नये.

घरी काय करावे आणि दुकानात काय द्यावे?

पंक्चर काढणे, ब्रेकची रबरे बदलणे, चेन साफ करणे आणि सीट-हँडलचे नट आवळणे ही कामे घरी शिकता येतात. त्यासाठी टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंप, पॅच आणि सोल्यूशन, एक जादा ट्यूब, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या एलन की आणि नटाची चाके असतील तर १५ मिलिमीटरचा पाना पुरतो. पंक्चर काढताना ट्यूब पॉलिश पेपरने घासून सोल्यूशन लावावे आणि ते सुकेपर्यंत थांबून मगच पॅच दाबावा. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून हळुवार बोट फिरवावे. बाभळीचा काटा किंवा बारीक तार तिथेच राहिली, तर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर ठरलेले. पेडल काढताना लक्षात ठेवावे, की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.

चाकाचा आउट काढणे, तुटलेली तार बदलून चाक बांधणे, हबचे आणि मधल्या एक्सलचे छर्रे-कोन साफ करून ग्रीस भरणे ही कौशल्याची कामे आहेत. तारा कमी-जास्त आवळून चाक सरळ करणारा हात वर्षांच्या सरावाने तयार होतो. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात तासावर सायकल भाड्याने देणारी आणि दुरुस्त करणारी दुकाने गल्लोगल्ली होती. ती आता फार थोडी उरली आहेत. नव्या धाटणीच्या दुकानांत महागड्या सायकलींची सर्व्हिसिंग होते, पण साध्या सायकलच्या ग्राहकाला तिथले दर परवडत नाहीत. दुरुस्ती करणारा माणूस जवळ नसणे, हे सायकल वापर कमी होण्याचे कारणही आहे आणि परिणामही.

सार्वजनिक योजनांनाही हेच लागू होते. पुण्यात २०१७ च्या अखेरीस भाडेतत्त्वावरील सायकलींची योजना गाजावाजात सुरू झाली. तोडफोड, देखभाल आणि जागेच्या अडचणींत ती टिकली नाही. सायकल मार्ग आखताना स्थानके, शाळा आणि बाजारांजवळ हवा भरण्याची आणि दुरुस्तीची जागा ठेवली, तर नव्या सायकली वाटण्याइतकाच तिचा उपयोग होईल.

मग खर्चाचा क्रम कसा असावा?

आधी हवा, सीटची उंची आणि चेनचे तेल, यांना जवळपास काहीच लागत नाही. त्यानंतर ब्रेकची रबरे आणि वायरी. मग झिजलेली चेन आणि रस्त्याला साजेसे टायर. रात्री चालवणाऱ्यांनी पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर याच टप्प्यावर घ्यावेत. पाऊस आणि सामान यांचा विचार करता मडगार्ड आणि कॅरियर हेही रोजच्या सायकलचे अपग्रेडच आहेत, जरी हौशी सायकलस्वार ते वजन वाढते म्हणून काढून टाकत असले तरी. गिअरचे नवे संच, सस्पेन्शन आणि हलके भाग यांचा नंबर या सर्वांनंतर लागतो. तोवर बिलाची बेरीज सायकलच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे गेली असेल, तर थांबून नव्या सायकलचा विचार करावा.

पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या सायकलपासून सुरुवात करायची, तर घरातून निघण्याआधीची तपासणी एका मिनिटाची आहे. दोन्ही टायर दाबून पाहावेत, दोन्ही ब्रेक धरून सायकल पुढे ढकलून पाहावी, पेडल उलटे फिरवून चेनचा आवाज ऐकावा आणि चाके उचलून फिरवावीत. चाक ब्रेकला घासत असेल किंवा डुलत असेल, तर त्या दिवशी आधी मेकॅनिककडे जावे आणि मग रस्त्यावर उतरावे.